तारलीला तिचा दुसरा पावसाळा मिळावा का?

प्रयोगवही (धाग्याची सुरुवात)

मागच्या बुधवारी नाशिकच्या मासळी बाजारात रोहू-कटल्याच्या ढिगांपलीकडे बर्फाच्या एका टपात तारली दिसली. घाट चढून ती इथवर क्वचितच येते, कारण तिच्या अंगातले तेल लवकर खवट होते आणि बर्फ कमी पडला तर तिचे पोट फुटते. मी अर्धा किलो घेतली. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवल्याची सवय जात नाही, म्हणून घरी येताच ओट्यावर पट्टी घेऊन मोजायला बसले. अर्ध्या किलोत 64 मासे भरले. बहुतेकांची लांबी 9 ते साडेनऊ सेंटिमीटर होती आणि 10 च्या पुढे गेलेले जेमतेम 11 निघाले. पोटे चिरून पाहिली, तर एकातही गाबोळी नव्हती. सगळी त्याच वर्षीची पिल्ले होती.

ज्यांना हा मासा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तारलीची पाठ निळसर हिरवी असते, कूस चांदीसारखी चमकते, कल्ल्यांच्या झाकणाच्या कडेला एक काळा ठिपका असतो आणि नुसता हात लावला तरी खवले बोटांना चिकटतात. कल्ल्यांचे झाकण उचलले की आत बारीक दातांच्या फणीसारखी चाळणी दिसते. तोंड उघडे ठेवून पोहताना ती याच चाळणीने पाण्यातले सूक्ष्म वनस्पती-प्लवंग आणि बारीक कवचधारी जीव गाळून खाते. समुद्रातल्या हिरव्या चाऱ्याचे मासांत रूपांतर एका पायरीत करणारे मासे थोडे आहेत, आणि म्हणूनच सुरमई, कुपा, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी हे सारे तिच्यावर जगतात.

तिचे आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे असते. नैऋत्य मोसमी वारे वाहू लागले की दक्षिणेकडच्या किनाऱ्यालगत वरचे पाणी बाहेर ढकलले जाते, त्या जागी खालचे थंड, पोषक क्षारांचे पाणी वर येते, प्लवंगांचा बहर येतो, आणि त्याच हंगामात, साधारण जून ते सप्टेंबर, तारली अंडी घालते. अंडी सुमारे एका दिवसात फुटतात. पिल्ले पाऊस ओसरता ओसरता किनाऱ्याजवळ दिसू लागतात आणि वर्षभरात 14-15 सेंटिमीटरची होऊन प्रजननाला तयार होतात. थोडक्यात, ती एका पावसाळ्यात जन्मते आणि दुसऱ्या पावसाळ्यात आई होते. तिसरा पावसाळा फार थोड्या जणींच्या वाट्याला येतो.

आता आपल्या नियमांचे वेळापत्रक पाहा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते. ती अंडी घालणाऱ्या माद्यांना काही प्रमाणात वाचवते. पण पिल्ले दिसू लागतात ती बंदी उठल्यावर. महाराष्ट्रात 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीन (थव्याभोवती फिरवून तळ आवळायच्या मोठ्या जाळ्याच्या) मासेमारीला ठरावीक क्षेत्रात सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ मोकळा ठेवला. हे निर्बंध योग्यच होते, परंतु नेमके तेच महिने तारलीच्या बालपणाचे आहेत. केरळने विक्रीयोग्य किमान लांबीचा नियम देशात सर्वांत आधी केला आणि तारलीसाठी ती 10 सेंटिमीटर ठरवली. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये 54 प्रजातींसाठी किमान लांबी अधिसूचित केली. 10 सेंटिमीटरची तारलीसुद्धा अजून प्रजननक्षम नसते, म्हणजे ही मर्यादा मुळातच तडजोडीची आहे. माझ्या टपातली बहुतेक मासळी त्या तडजोडीतही बसत नव्हती.

माझे म्हणणे असे की किमान लांबीचा नियम बंदरावरच्या तपासणीपुरता न ठेवता जिथे मासळी विकली जाते त्या प्रत्येक बाजारात लागू व्हावा, आणि आपण नाशिककरांनी बोटाएवढी तारली घेणे थांबवावे. जिला बहुधा एकदाच आई होता येते, तिला तेवढी एक संधी देणे हेच तिच्या मासेमारीचे मुख्य व्यवस्थापन आहे, अशी माझी ठाम समजूत आहे. आपल्याकडच्या कोंबडीखाद्यात आणि द्राक्षबागेच्या खतातही हीच पिल्ले दळून येतात, हेही लक्षात घ्यावे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य विरोध करावा. मी उत्तरे देईन.

मालवणी मुलूख

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, पण घर मालवण तालुक्यात आहे आणि माझ्या मेहुण्याची पर्ससीन नौका आहे. आपण तळमळीने लिहिले आहे, म्हणून मीही मनापासून लिहितो. मला हे पटलेले नाही.

तारली हा मूळचा केरळ-कर्नाटकाचा मासा आहे. आमच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ती अलीकडच्या काही दशकांतच एवढ्या प्रमाणात येऊ लागली, आणि ज्या वर्षी यायची नसते त्या वर्षी कितीही जपली तरी येत नाही. आम्ही बांगड्यासाठी समुद्रात जातो आणि वाटेत तारलीचा थवा लागला तर जाळे टाकतो. एका फेरीला डिझेल, बर्फ, तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि वीस-पंचवीस खलाशांचा पगार एवढा खर्च असतो. समोर आलेला थवा केवळ तो चार महिन्यांनी मोठा होईल म्हणून सोडून द्यायचा असेल, तर तो चार महिन्यांनी माझ्या मेहुण्याच्याच जाळ्यात येईल याची हमी कोण देणार? तो गोव्याला जाईल, कारवारला जाईल, आणि तिथला नाखवा (नौकामालक) त्याला पकडेल. बांधावरची कैरी न तोडता ठेवली तर ती आपल्याच झाडावर पिकते. समुद्रातल्या मासळीला बांध नसतो.

शिवाय बोटाएवढी तारली गरिबाच्या पानात जाते. ती बाजारातून काढून घेतल्यावर त्याने काय खावे, हेही सांगावे.

अंकगणित

धागालेखिकेच्या जीवशास्त्राबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. मतभेद निष्कर्षाबद्दल आहे.

केरळचे आकडे पाहू. 2012 मध्ये तिथे सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली. किमान लांबीचा नियम 2015 पासून लागू होऊ लागला आणि 2017 मध्ये तो 58 प्रजातींपर्यंत वाढवला गेला. त्यानंतर तारली वाढायला हवी होती. प्रत्यक्षात 2021 मध्ये ती 3,297 टनांवर आली. पुढच्याच वर्षी, कोणताही नवा नियम नसताना, ती पुन्हा एक लाख टनांच्या वर गेली. नियम असताना मासा गेला आणि नियम तोच असताना परत आला, तर या चढउतारात नियमाचा वाटा किती, हा साधा प्रश्न आहे. 2015-16 च्या तीव्र एल निनोने समुद्राचे तापमान आणि प्लवंगांचे वेळापत्रक बिघडवले, आणि संशोधकांनीही या घसरणीची सांगड त्याच्याशी घातली आहे.

हे आजचेच आहे असेही नाही. 1940 च्या दशकात मलबार किनाऱ्यावरून तारली दिसेनाशी झाली, तेव्हा तत्कालीन मद्रास सरकारने लहान मासळी पकडण्यावर निर्बंध आणले आणि काही वर्षांतच ते मागे घेतले. तेव्हा समुद्रात इंजिनाच्या नौकांचे ताफे नव्हते आणि पर्ससीनही नव्हते, तरीही मासा गेला होता.

सर्वांत बोलका पुरावा कॅलिफोर्नियाचा आहे. सांता बार्बराजवळच्या समुद्रतळावर गाळाचे वार्षिक थर अबाधित साचतात आणि त्यांत माशांची खवले टिकून राहतात. ती मोजून संशोधकांनी तिथल्या सार्डिनचा, म्हणजे तारलीच्याच कुळातल्या माशाचा, सुमारे 1,700 वर्षांचा इतिहास मांडला. साधारण साठ वर्षांच्या अंतराने हा मासा अफाट वाढतो आणि जवळजवळ नाहीसा होतो, असे त्यात दिसले. यांतली बहुतेक शतके औद्योगिक मासेमारीच्या आधीची आहेत. निसर्ग ज्या माशाला स्वतःच शंभरपट वर-खाली नेतो, त्याच्यासाठी नाशिकच्या बाजारात पट्टी घेऊन उभे राहण्याने काय साधणार? निरीक्षकाचा पगार आणि विक्रेत्याचा छळ एवढेच पदरात पडेल.

प्रयोगवही

दोघांनाही एकत्र उत्तर देते.

अंकगणित यांनी दिलेले आकडे खरे आहेत आणि ते मला ठाऊक होते. तारलीची पैदास पाऊस आणि वर येणारे थंड पाणी ठरवते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सांता बार्बराच्या थरांनंतरची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात सार्डिनची मासेमारी वर्षाला सात लाख टनांच्या आसपास पोहोचली. मग निसर्गाचे चक्र फिरले, मासा कमी होऊ लागला, आणि कारखाने भरायचे म्हणून नौकांनी उरलासुरला मासाही ओढून काढला. 1967 मध्ये बंदी आली तेव्हा वाचवण्यासारखे फार थोडे उरले होते आणि मासेमारी पुन्हा सुरू व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली. निसर्ग उतार आणतो, परंतु उताराच्या तळाशी किती माद्या शिल्लक राहाव्यात हे जाळे ठरवते. दुष्काळात पाऊस आपल्या हातात नसतो म्हणून कुणी बियाण्याची पोती दळून खात नाही. निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही.

आता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सार्डिनसाठी एक नियम आहे. साठा दीड लाख टनांच्या खाली गेला की खास तिच्यासाठीची मासेमारी बंद होते, आणि वर असताना किती टक्के मासा काढायचा हे ठरवताना समुद्राचे तापमान विचारात घेतात. 2015 पासून ती मासेमारी बंद आहे. म्हणजे ‘निसर्गच ठरवतो’ हे मान्य करूनच नियम करता येतो.

मालवणी मुलूख यांचा बांधाचा मुद्दा मला अधिक बोचला, कारण तो खरा आहे. तरी एक हिशेब मांडते. माशाचे वजन ढोबळमानाने लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 9 सेंटिमीटरची तारली 15 ची झाली की तिचे वजन साधारण साडेचार पटींहून अधिक होते. माझ्या ओट्यावरची तारली सरासरी आठ ग्रॅमच्या आत होती. अशी शंभर पिल्ले सोडली, त्यांतली पंचाहत्तर सुरमईने, रोगाने किंवा उपासमारीने मेली आणि पंचवीसच मोठी झाली, तरी किनाऱ्यावर येणारे वजन आजच्यापेक्षा थोडे अधिकच भरेल. ती मासळी ताटात जाण्याच्या लायकीची असेल, तिला भावही मिळेल, आणि तोवर त्यांतल्या काहींनी अंडी घातलेली असतील. ती गोव्याच्या जाळ्यात जाऊ नये म्हणून आज कवडीमोलाने विकायची, हा तर्क गोव्याचा नाखवाही करतो, आणि त्यात दोघेही बुडतात. म्हणूनच नियम सगळ्या किनाऱ्याला एक हवा.

गरिबाच्या पानाबद्दल एवढेच सांगते की ही पिल्ले मोठ्या प्रमाणात जिथे जातात ती जागा गरिबाचे पान नाही, फिशमीलचा, म्हणजे मासळी वाळवून दळलेल्या कुटीचा, कारखाना आहे. एक किलो फिशमीलसाठी चार ते पाच किलो ओली मासळी लागते.

दिंडोरी रोड

माझ्याकडे पाच हजार पक्ष्यांची पोल्ट्री आणि चार एकर द्राक्षे आहेत, म्हणून मला बोलावे लागत आहे. बाईंनी पहिल्या लेखात कोंबडीखाद्य आणि द्राक्षबागेच्या खताचा उल्लेख केला आहे. त्यातून वाचणाऱ्याचा असा समज होईल की नाशिकची अंडी आणि द्राक्षे तारलीच्या पिल्लांवर पोसली जातात. तसे नाही. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयापेंड हाच मुख्य ऐवज असतो. मासळीची कुटी घातली तर ती थोडीच असते, आणि पुष्कळ जण तीही घालत नाहीत, कारण वास अंड्याला लागतो आणि मालात वाळू-मीठ किती आहे याचा भरवसा नसतो. फिशमीलचा मोठा गिऱ्हाईक कोळंबी आणि मत्स्यशेतीचा खाद्य उद्योग आहे. द्राक्षबागेत आम्ही जे फिश अमिनो सोडतो, ते बहुधा मासळी कापल्यावर उरलेल्या डोक्या-आतड्यांपासून केलेले असते. आमच्या गावात ते कित्येकांनी गूळ घालून घरीच केले आहे.

पिल्ले दळण्याच्या मी विरोधात आहे. पण दोष ज्याच्या वाट्याचा आहे त्याच्याच पदरात टाकावा.

प्रयोगवही

दिंडोरी रोड, आपली दुरुस्ती मान्य आहे. मी ते वाक्य हलक्या हाताने लिहिले, तसे लिहायला नको होते.

पंचवटी कारंजा

बाई, मी तुमची विद्यार्थिनी. आता माझी छोटी खानावळ आहे आणि मुंबईहून येणारी सुरमई मी आठवड्यातून दोनदा घेते. मागच्या हिवाळ्यात साडेतीन किलोची एक सुरमई साफ करताना तिच्या पोटात सात तारल्या निघाल्या. वरच्या दोन इतक्या ताज्या होत्या की खवलेही गेले नव्हते, आणि तळच्यांचा नुसता कणा उरला होता. माझी मदतनीस म्हणाली, ‘ताई, आपण हिचे पैसे देतो आणि ही त्यांचे खाते.’ तेव्हापासून मला वाटू लागले की सुरमईच्या तुकडीला आपण जो भाव देतो, त्यात तारलीचाही वाटा आहे.

चारा-मासळीबद्दल, म्हणजे मोठे मासे आणि पक्षी जिच्यावर जगतात त्या लहान मासळीबद्दल, 2012 मध्ये लेनफेस्ट कृतिदल या शास्त्रज्ञांच्या गटाचा एक जागतिक अहवाल आला होता. अशा माशांची पकड रूढ प्रमाणाच्या निम्म्यावर आणावी आणि समुद्रात ठेवायचा साठा दुप्पट करावा, अशी त्याची ढोबळ शिफारस होती. त्याच्या आदल्या वर्षी समुद्रपक्ष्यांवरचा एक अभ्यास आला. चारा-मासळीचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची पिल्ले जगण्याचे प्रमाण घसरू लागते, असे त्यात वेगवेगळ्या महासागरांतल्या नोंदींवरून दाखवले होते. म्हणजे प्रश्न माणसाच्या ताटापुरता नाही.

अंकगणित

त्याच विषयावर 2017 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ रे हिलबॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली, तीही नोंदवावी. त्यांचे म्हणणे असे की भक्षक बहुधा ज्या आकाराचे चारा-मासे खातात त्याहून मोठे मासे नौका पकडतात, आणि चारा-माशांचे प्रमाण मुळातच नैसर्गिकपणे इतके हलते की मासेमारीचा भक्षकांवर होणारा परिणाम आधीच्या गणिती प्रारूपांनी फुगवून दाखवला. त्या अभ्यासाच्या अर्थसाह्यावरून वाद झाला हे मला माहीत आहे, तरी युक्तिवाद तपासण्याजोगा आहे.

वजनाच्या हिशेबाबाबत मी बाईंशी सहमत आहे. तो हिशेब बरोबर आहे आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात मी त्याचा विचार केला नव्हता. मात्र त्यातून किमान लांबीचा नियम आपोआप सिद्ध होत नाही. माझ्या मते खरा उपाय साठ्याच्या अंदाजावर बेतलेली पकड हा आहे, आणि आपल्याकडे शेकडो उतरण्याच्या जागा आणि हजारो नौका असताना तो राबवणे फार कठीण आहे. लांबी मोजायला सोपी असते, म्हणून आपण ती मोजतो.

रापणकर

थोडक्यात लिहितो. आमच्या आजोबांच्या काळी रापण किनाऱ्यावरून ओढली जाई, अख्खी वाडी दोराला लागे, आणि जी मासळी काठाला आली तीच मिळे. गोव्यात 1970 च्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक नौकांविरुद्ध रापणकारांनी आंदोलन केले, तेव्हाही मुद्दा हाच होता की काठाला येणारा थवा बाहेरच अडवला जातो. माशाची लांबी मोजण्याआधी जाळ्याची लांबी मोजा. रात्री प्रखर दिवे लावून थवा गोळा करण्यावर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली, पण किनाऱ्यावर उभे राहिले की दूरवर उजेड दिसतो. दिव्याखाली लहान-मोठा असा भेद उरत नाही. जे आहेत ते नियम पाळले गेले तर बाईंना ओट्यावर पट्टी लावावी लागणार नाही.

मालवणी मुलूख

रापणकर यांच्या वाडीशी आमचे नाते आहे आणि भांडणही जुने आहे. ते इथे काढत नाही. दिव्याची मासेमारी माझा मेहुणा करत नाही आणि करणाऱ्यांचे समर्थन मीही करणार नाही.

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. ती नौकेवर न गेलेल्या माणसाच्या लक्षात येणार नाही. थवा पाण्याच्या रंगावरून, बुडबुड्यांवरून किंवा यंत्राच्या पडद्यावरून दिसतो. त्यात मासा 9 सेंटिमीटरचा आहे की 15 चा, हे जाळे टाकण्याआधी अनुभवी तांडेलालाही नेहमी सांगता येत नाही. जाळे भोवती फिरवले, खालचा दोर ओढून तळ बंद केला, जाळे आत घेत घेत मासळी कडेला दाटली, मग टोपलीभर वर आली आणि तेव्हा कळले की बारीक आहे. तोवर त्यांचे खवले गेलेले असतात. आपणच लिहिले आहे की नुसता हात लावला तरी खवले बोटांना चिकटतात. खवले गेलेली तारली पाण्यात सोडली तरी जगत नाही. मी स्वतः दोनदा नौकेवर गेलो आहे आणि सोडलेल्या तारलीचा पांढरा पट्टा पाण्यावर तरंगताना पाहिला आहे. वर सीगल जमले होते. म्हणजे किमान लांबीचा नियम काटेकोर लावला, तर आम्ही मेलेला मासा समुद्रात टाकून येऊ, तो आपल्या बाजारात दिसणार नाही आणि नाशिककरांना वाटेल की पिल्ले वाचली. हे मला कायद्याच्या नावाखाली केलेले पाप वाटते.

प्रयोगवही

हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. मी माशाची शरीररचना शिकवली, पण जाळ्यात दाटलेल्या माशाचे काय होते याचा विचार मी बाजाराच्या टपापासून मागे कधी नेला नव्हता. आपला मुद्दा बरोबर असेल, आणि खवले गेलेल्या माशाची त्वचा उघडी पडून अंगातले पाणी बाहेर जाते आणि समुद्राचे मीठ आत शिरते हे शास्त्र पाहता तो बरोबरच आहे, तर पिल्लू वाचवण्याची जागा बाजारात नाही आणि बंदरावरही नाही. ती जाळे टाकण्याच्या आधी आहे. म्हणून माझी पहिली मागणी मी बदलते.

नॉर्वेने 1987 मध्ये कॉड आणि हॅडॉकसाठी मेलेला मासा समुद्रात परत टाकण्यावरच बंदी घातली, आणि ज्या पट्ट्यात पिल्लांचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळते तो पट्टा काही काळ बंद करण्याची पद्धत तिथे रुळली. पकडलेले सगळे काठावर आणायचे, पण पिल्लांच्या जागी जायचे नाही, असा तो विचार आहे. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिल्या नौकेला बारीक तारली लागली, की तो पट्टा पंधरा दिवस सगळ्यांनी सोडावा, असे करता येईल का? किमान लांबीचा नियम मी तरी पूर्णपणे सोडणार नाही. फिशमीलच्या कारखान्याच्या दारात तो लागलाच पाहिजे, कारण तिथे मुद्दाम बारीक मासळीसाठी मागणी तयार होते. मात्र टपावर बसलेल्या विक्रेतीला दंड करावा, असे मी आता म्हणणार नाही.

अंकगणित, आपण म्हणालात की लांबी मोजायला सोपी म्हणून आपण ती मोजतो. ते मला लागले, आणि ते खरेही आहे.

अंकगणित

पट्टा बंद करण्याची कल्पना मला लांबीच्या नियमापेक्षा पटते, कारण ती त्या वर्षीच्या समुद्राला धरून चालते. चांगल्या पैदाशीच्या वर्षी पिल्ले सर्वदूर असतील आणि कदाचित बराच किनारा बंद करावा लागेल, ही अडचण मात्र आताच लक्षात घ्यावी. केरळात 2024 मध्ये तारली भरपूर झाली, पण दाटी होऊन तिची वाढच खुंटली होती. अशा वर्षी बारीक मासा सोडून देणे योग्य की काढणे योग्य, याचे उत्तर आधी ठरवलेले असले पाहिजे. माझे मत, त्या वर्षी काढणे योग्य.

मालवणी मुलूख

आमच्याकडे नौकांचे व्हॉट्सॲप गट आहेत. कोणत्या वावात (किती खोलीवर) बांगडा लागला हे एकमेकांना फारसे कुणी सांगत नाही, पण बारीक तारली लागली आणि फेरी फुकट गेली हे सगळे सांगतात, कारण त्यात लपवण्यासारखे काही नसते. त्यामुळे माहिती आजही उपलब्ध आहे. अडचण पुढे जाण्याच्या खर्चाची आहे. पट्टा सोडून दहा सागरी मैल लांब जायचे तर डिझेल लागते. शासन डिझेलवरच्या कराचा परतावा देते, पण तो हाती यायला फार उशीर होतो. ज्या नौकेने बारीक मासळीचा पट्टा कळवला आणि सोडला, तिचा परतावा आधी द्यावा, असा काही ठराव झाला तर मेहुणा ऐकेल असे मला वाटते. नुसत्या आवाहनाने ऐकणार नाही, हे स्पष्ट सांगतो. गोवा आणि कर्नाटक यांनीही तसेच केले पाहिजे, हा माझा पहिला मुद्दा अजून उभा आहे.

बाई, एक विनंती आहे. पुढच्या बुधवारी टपात तारली असेल, तर ती कोणत्या बंदरावरून आली ते विक्रेतीला विचारून लांबीशेजारी लिहून ठेवा. आकडा बंदराच्या नावासह असेल, तर मी तो मेहुण्याला दाखवू शकेन.